कुरकुऱ्याच्या मापाचा डगला

"चपला त्या कोपऱ्यात ठेवा, संध्याकाळी मिळतील," हातातल्या कातड्यावरून मान वर न करता ती म्हणाली.

"चपला नाहीत. मी संग्रहालयातून आलोय... डगला बघायला."

झालं. तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला. संग्रहालयाला जुन्या काळच्या नावाड्याचा कातडी डगला हवा होता. हुबेहूब तसाच, हातशिलाईचा, पाण्याचा थेंब आत न घेणारा. बाबांचे हात हल्ली थरथरायचे, म्हणून पहिल्यांदाच सगळं काम तिनं एकटीनं अंगावर घेतलेलं. नाही जमलं तर नाटकवाल्यांचा मशीनवर शिवलेला डगला काचेत उभा राहणार होता, आणि दुकानाची लाज जाणार होती ती वेगळीच.

त्यात हा कुरकुऱ्या. नाव तिनंच ठेवलेलं. एक दिवसाआड हजर.

"टाके जरा मोठे वाटतात. त्या काळी इतके मोठे नसायचे."

"त्या काळी तुम्ही होता का?"

"नव्हतो, पण..."

"मग सरळ उभे राहा. हात लांब करा. आणि हलू नका."

डगला चढवायचा तो पुतळा तिकडे संग्रहालयात, हा इथं आयता उभा. मग त्याच्याच अंगावर कातडं लावून बघायचं, दुसरं काय करणार? तिचा हात त्याच्या खांद्यावरून फिरला की दोघंही उगाच खिडकीबाहेर बघायचे. शिवणींना चोळायचं मेण आणि चरबी वितळवत बसलेले बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. तिला त्यांचाही राग यायचा.

अखेर डगला झाला. तिनं तो त्यालाच घालायला लावला आणि तांब्याभर पाणी खांद्यावर ओतलं. पाणी घरंगळून गेलं. आतला सदरा कोरडा ठणठणीत.

"काढा आता खोट."

त्यानं खूप शोधली. "नाही सापडत," तो म्हणाला आणि का कोण जाणे, त्याचं तोंडच उतरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी संग्रहालयात डगला पुतळ्याला चढवला. खांदे लोंबत होते. बाह्यांत पुतळ्याचे हात बोटांसकट गडप झालेले.

"पुतळ्याच्या मापाचा कागद दिला होता ना मी?"

"दुकानात खिळ्याला टांगलाय. बघायचाच राहिला."

"उसवून लहान नाही करता येणार?"

"कातड्याला पडलेली भोकं बुजत नाहीत. सगळीकडून पाणी शिरेल." तिचे डोळे भरून आले. "तुमच्यामुळे झालं सगळं. सारखं येऊन समोर उभं राहायचं... मग डोळ्यांत जे माप बसलं, तेच मी कापलं."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

त्यानं डगल्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "टाके मोठे नव्हते," तो हळूच म्हणाला. "एकही नव्हता. पण कुरकुर केल्याशिवाय यायचं तरी कसं?"

"आणि मी एकेक टाका पट्टी लावून मोजत बसले, त्याचं काय? महा नालायक आहात तुम्ही."

"आहे." त्यानं मागच्या खोलीतून पेंढ्याचा भारा ओढत आणला. "डगला लहान होत नाही ना? मग पुतळाच फुगवू. हातही लांबवू. नावाडी अंगानं किती होता, हे कुठंच लिहिलेलं नाही." त्यानं खिशातून टेप काढली. "माझं माप घ्या, तेवढा करू."

तिनं टेप त्याच्या खिशात परत कोंबली.

"गरज नाही. तोंडपाठ आहे."

दोघं पेंढा भरत राहिले. पुतळ्याचे खांदे भरले तेव्हा ती म्हणाली, "परवा दुकानात या. कुरकुर न करता."

"मग तुमच्या बाबांना कारण काय सांगू?"

"खरं ते सांगा," ती म्हणाली. "त्यांना कधीचं माहीत आहे."