सगळा जिल्हा गारगोटीला

श्रावणातली दुपार होती. बाहेर ऊन आणि भुरभुर पाऊस एकमेकांची थट्टा करत होते. शाहूपुरीतल्या दूध संघाच्या खिडकीशी एक तरुण छत्री झटकत उभा राहिला, आणि आत कॉम्प्युटरवर बसलेल्या अक्षताच्या कीबोर्डवर चार थेंब उडाले.

"सावकाश ओ, पावणं," ती म्हणाली. "मशीन हाय ते, म्हस न्हवं."

तो हसला. हसताना त्याची मान जरा डावीकडं झुकली... हे आपण कशाला टिपलं, तिचं तिलाच कळेना.

काम साधं होतं. त्याची आई शालनबाई बिद्रीहून गारगोटीला राहायला गेली होती. संघाच्या सभासदांत तिचं नाव होतं, तेवढं गाव बदलून हवं होतं.

अक्षतानं डेटाबेसला हुकूम लिहिला: गावाच्या जागी गारगोटी घाल. कुणाच्या गावाच्या, हे सांगणारी 'व्हेअर'ची ओळ मात्र राहून गेली. कशी राहिली? समोर ती मान पुन्हा डावीकडं झुकली होती, अशी राहिली. तिनं एंटर दाबलं, आणि पडद्याकडं न बघताच बदल पक्का करणारं 'कमिट'ही देऊन टाकलं. मग नजर वर गेली. एक नोंद बदलायची होती, एक्क्याऐंशी हजार बदलल्या होत्या.

"काय झालं ओ?" त्यानं विचारलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"गेली... गारगोटीला गेली."

"आई? व्हय, तीच तर—"

"आई न्हवं. सगळा जिल्हा."

हसण्यासारखंच होतं ते, पण अक्षताला समोर घरचा रस्ता दिसला. चंदगडहून वडिलांशी भांडून ती इथं आली होती. 'सहा महिन्यांत नोकरी पक्की झाली तर ऱ्हा, न्हाईतर गुमान घरी ये, स्थळं बघू,' असं ठरलं होतं. ते सहा महिने आता भरत आले होते. त्यात सोमवारपासून म्हशींना लस टोचायला डॉक्टर गावोगाव निघणार, आणि त्यांच्या गाववार चिठ्ठ्या याच नोंदींवरून छापायच्या होत्या.

"कमिट केलासा?"

तिनं होकाराची मान हलवली. मग एकदम चमकून पाहिलं. खिडकीवर आलेल्या माणसाला हा शब्द ठाऊक?

"मी प्रसेनजीत. उद्यमनगरात एका फौंड्रीचा डेटाबेस सांभाळतो. काल रात्रीचा बॅकअप हाय न्हवं? मग रडू नगा."

तिनं त्याला आत बोलावलं आणि खुर्ची सोडून उठली. तो मात्र तिच्या खुर्चीत बसला नाही. स्टूल ओढून शेजारी टेकला. "टाइप तुमीच करा. मी नुसतं बोलतो."

"परत चुकलं तर?"

"चुकू दे की. हळू करा."

कालचा बॅकअप आजच्या नोंदींवर ओतला असता, तर सकाळपासून आलेले नवे सभासद पुसले गेले असते. म्हणून त्यानं तो बाजूला, वेगळ्या नावानं उघडायला लावला. मग सभासद क्रमांक जुळवून एकेकाचं जुनं गाव परत आणायचं. एकदा तिची ओळ चुकली. त्यानं ती सुधारली नाही, नुसतं "कुणाचं?" म्हणाला. तिनं व्हेअर लिहिलं. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. गावं आपापल्या जागी परतली, आणि नव्या सभासदांची तिनं अर्ज बघून भरली.

जेवून आलेल्या संघाच्या मॅनेजरांना, आकाराम साहेबांना, तिनं स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अख्खा जिल्हा एका गावात आल्याचं पयल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. "झाकलं असतंसा तर आजच घरी धाडलं असतं. जावा, काम करा. नोकरी पक्की करायचं बघतो."

ती धावत खिडकीशी आली. छत्री नव्हती, तोही नव्हता. साधे आभारही मानायचे राहिले.

शनिवारी चिठ्ठ्या छापताना तिला दिसलं: शालनबाई, बिद्री. त्या जुन्या बॅकअपात त्या बिद्रीलाच होत्या ना! सगळा जिल्हा जागेवर आणणाऱ्याचं स्वतःचं काम तेवढं राहिलं होतं. अक्षता एकटीच हसली. हात कीबोर्डवर गेले... आणि तिनं ते मागं घेतले. चिठ्ठीवर तेवढं पेनानं 'गारगोटी' लिहिलं.

सोमवारी तो आला.

"तुमच्या आई बिद्रीलाच ऱ्हायल्या की ओ."

"ठाऊक हाय. त्याच दिवशी कळलं हुतं."

"मग का न्हाई सांगितलासा?"

"सांगितलं असतं, तर आज काय निमित्त काढून आलो असतो?" तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता. "तुमाला कधी दिसलं?"

"...शनवारी."

"मग तुमी का न्हाई बदललासा?"

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. आधी व्हेअर लिहिलं, मग बाकीचं. एक नोंद बदलली.

"त्या दिवशी तुमी नसतासा, तर मला चंदगडची एस्टी धरायला लागली असती," ती हळूच म्हणाली. "हा उपकार कसा फेडू?"

"गारगोटीला येऊन. आई म्हणती, माझं एक गाव बदलायला तुला दोनदा जायला लावणारी हाय तरी कोण, दाव मला."

"सगळ्या जिल्ह्याला नेलं की मी गारगोटीला," अक्षता म्हणाली. "माझंच जायचं ऱ्हायलंय. रविवारी चालंल?"

त्याची मान डावीकडं झुकली. या वेळी मात्र तिकडं बघण्याआधी तिनं कीबोर्डवरचे हात बाजूला घेतले.