मागच्या खोलीतला दिवा

दोष हेडसरचा. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ऐकता ऐकता कुणाला तरी त्याची कीव यायची. तोंडावर त्याला सगळे अहो-जाहो करतात. पण तो आत्ता इथे नाही, आणि जे त्याने केलं त्याला अहो-जाहो शोभत नाही.

हे सांगितलं वायरमनने. साठी उलटलेला, तोंडाचा फाटका माणूस. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की आम्हाला वायरच्या बंडलांवर बसवून बोलत सुटतो. म्हातारी माणसं एरवी एकमेकांची पापं झाकतात. ‘जाऊ दे, मोठा माणूस आहे’ म्हणतात. वायरमन झाकत नाही, एवढ्यासाठीच आम्ही त्याचं ऐकतो.

“माझ्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे,” तो म्हणाला. “दिव्याची पट्टी मी माझ्या हाताने बसवली. ज्याला थाप वाटेल त्याने आत्ताच घरी जावं.”

कुणी उठलं नाही.

तर महिन्याचा शेवटचा शनिवार. दिवेलागणीची वेळ. वायरमन एक लांबट खोकं काखेत मारून हेडसरच्या घरी गेला. खोक्यात एलईडीची पट्टी होती. हातभर लांब, वर दुधी रंगाचं झाकण, दोन्ही टोकं कारखान्यातच चिकटवून बंद केलेली. सोबत भिंतीत बसवायचा डिमर: पंख्याच्या रेग्युलेटरसारखं गोल बटण, दाबलं की चालू-बंद, फिरवलं की उजेड कमी-जास्त. ती बसवायची होती मागच्या खोलीत. हेडसरच्या आईच्या.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटची दोन वर्षं ती त्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. आता खोली ओळखू येत नव्हती. नवा रंग, नव्या फरशा. लोखंडी पलंग भंगारात गेलेला, गादी मागच्या अंगणात जाळलेली. फिनेलचा वास तर असा की डोळ्यांना पाणी यावं. आणि त्या वासाच्या खाली, खूप खाली, दुसरा एक वास. जखमेच्या ओल्या पट्ट्या बरेच दिवस डब्यात कोंडून ठेवाव्यात तसा. वायरमनने नाक मुरडलं.

“उंदीर मेलाय का कुठे, सर?”

“नव्या रंगाचा वास आहे तो,” हेडसर म्हणाला. “तू तुझं काम कर.”

छताला एक जुना होल्डर लोंबत होता. रिकामा. आत कोळ्याने घर केलेलं. वायरमनने स्टुलावर चढून पाहिलं.

“यात बल्ब कधीपासून नाही हो?”

“आईच्या डोळ्यांना उजेड खुपायचा.”

हे तो सगळ्यांना सांगायचा. भेटायला येणाऱ्यांना, शेजाऱ्यांना, मयताला आलेल्या पाहुण्यांना. लोक माना डोलवायचे. काय मुलगा आहे, आईच्या डोळ्यांची किती काळजी.

खरं काय होतं ते हेडसरला माहीत होतं. म्हातारीला माणसं दिसत नव्हती, ताट दिसत नव्हतं, पण उजेड कळायचा. डॉक्टरने बजावलं होतं: दिवा चालू ठेवत जा, तेवढाच तिला आधार आहे. हेडसरने ऐकलं आणि त्याच आठवड्यात बल्ब काढला. त्याला किळस यायची. पाठीला जखमा झालेल्या, चादर कधी वेळेवर बदललेली नसायची, पायांकडे माश्या. उजेड असला की हे सगळं दिसायचं, आणि दिसलं की करावं लागायचं. बाई ठेवायची तर गावभर बोलेल. मुलीला बोलवायचं तर ती हेच बघणार. मग त्यातल्या त्यात सोपं काय? दिवा काढायचा. अंधारात आत जायचं, श्वास रोखून ताट ठेवायचं, चाचपून जुनं उचलायचं, बाहेर येऊन साबणाने तीनदा हात धुवायचे. आयुष्यभर मुलांची नखं तपासणारा माणूस.

ती रोज संध्याकाळी विचारायची, “दिवा लावलास का रे, बाबू?”

मग तो दाराजवळचं बटण दाबायचा. टक्. तिला ऐकू जावं म्हणून जरा जोरातच. आणि म्हणायचा, “लावलाय, आई.”

वायरमनला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. त्याने पट्टी भिंतीवर बसवली, पलंग असायचा बरोबर त्याच्या वर, कारण जुनी वायर तिथूनच जात होती. जुनं बटण काढून तिथे डिमर बसवला. बटण फिरवून दाखवलं: खोली पांढरीफटक, मग मऊ, मग जेमतेम.

“हे म्हणजे तुमच्या आवाजासारखं आहे, सर. वर्गात फुल्ल, आणि इन्स्पेक्टर आला की एकदम बारीक.”

हेडसर हसला नाही. “पूर्ण बंद होते ना? बाळाला झोपताना अंधार लागेल.”

“होते की. कधी कधी बंद केल्यावर किंचित मिणमिणते, त्यात घाबरायचं काही नाही. वायरमध्ये थोडा करंट राहतो, दुसरं काय.”

आता हे बाळ कुणाचं? हेडसरच्या मुलीचं. एकुलती एक. आईविना वाढलेली, आजीच्या हातची. आजी गेल्यापासून ती घरी आली नव्हती. आजीला शेवटची अंघोळ घालताना तिने तिचं अंग पाहिलं होतं, आणि पाठीखालची चादर सोडवताना काय सुटून आलं तेही. त्यानंतर बापाशी बोलणं कामापुरतं. पण बाळंतपण झालं, नवऱ्याला परगावी नोकरी लागली, आणि हेडसरने दोन महिने फोनवर विनवण्या केल्या. ये. राहा. नात बघू दे. शेवटी ती म्हणाली: ती खोली नीट करा. बाळ रात्री उठतं, मंद दिवा पाहिजे. रात्री मला फोनवर दाखवा, मग सकाळची गाडी पकडायची की नाही ते ठरवते.

एवढंच होतं पणाला. एक पट्टी नीट लागायची होती.

वायरमन गेला. जेवणं आटोपली, गल्ली निजली. साडेदहाला मुलीचा व्हिडिओ कॉल आला. हेडसर फोन हातात घेऊन मागच्या खोलीत उभा राहिला, कॅमेरा खोलीकडे, दुसरा हात डिमरवर.

“हे बघ. कशी झालीये?”

“छान झालीये,” मुलगी म्हणाली. कुजबुजत, बाळ मांडीवर होतं. “फरशी बदलली?”

“सगळं बदललं. काही म्हणजे काही ठेवलं नाही.”

“बरं केलंत. आता कमी करून दाखवा.”

त्याने बटण फिरवलं. खोली पिवळसर झाली. त्याची नजर बटणावर.

“अजून कमी. बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही एवढं.”

अजून फिरवलं.

“बाबा, पलंग दिला नाही का अजून?”

“दिला की. केव्हाच.”

“मग ते काय आहे?”

त्याने मान वर केली. खोली रिकामी होती. भिंत, फरशी, पट्टी.

“सावली असेल. तुझ्या फोनमध्येच काहीतरी आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “थोडं अजून कमी करा बरं.”

त्याने फिरवलं. आणि आता वास आला. फिनेल कुठल्या कुठे गेलं. तोच वास, गोडसर, सडका, जिभेवर बसणारा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. त्याने सवयीने श्वास रोखला.

“बाबा... गादीवर काहीतरी आहे.”

“गादी नाहीये गं तिथे.”

“वाढवा. दिवा वाढवा.”

त्याने बटण उलटं फिरवलं. शेवटपर्यंत. उजेड वाढला नाही. पुन्हा फिरवलं. उजेड कमी कमी होत गेला... पट्टी नुसती एक राखाडी रेघ राहिली... मग तीही गेली.

अंधार.

फोनच्या पडद्याचा काय तो निळा चौकोन. त्यात मुलीचा चेहरा, अगदी जवळ आलेला.

“बाबा?”

त्याचा श्वास रोखलेला होता.

खोलीत काहीतरी ओलं ओलं हललं. कापडावरून कातडी सुटावी तसा आवाज. हळू... खूप हळू. जणू कुणी कुशीवर वळतंय, आणि वळताना दुखतंय.

मग आवाज आला. रोजचा. जराही न रागावलेला.

“दिवा लावलास का रे, बाबू?”

आता ऐका. कुणीही शहाणा माणूस पळाला असता. ओरडला असता. हेडसरचा अंगठा मात्र आपसूक भिंतीवर गेला. बटण दाबलं. टक्. आणि तोंडातून, विचार न करता, दोन वर्षांच्या सरावाने...

“लावलाय, आई.”



फोनमधून बाळाच्या श्वासाचा आवाज येत होता. तेवढाच.

“बाबा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. “आजी मला फोनवर सांगायची. म्हणायची, माझे डोळे पुरते गेले गं. बाबू रोज दिवा लावतो, मला ऐकू येतं, पण आता उजेडही कळत नाही. रडायची. मी तिला समजवायचे. म्हणायचे, आजी, वय झालं, चालायचंच.”

“ऐक तू माझं—”

“तिचे डोळे गेले नव्हते.”

“अगं, डॉक्टर म्हणाले होते की तिला उजेड खुपतो—”

“बाबा. तुम्ही आत्ता बटण दाबलंत. दिवा लागला का?”



तेव्हा पट्टी उजळायला लागली. बटणावर कुणाचा हात नव्हता. आधी राखाडी. मग पिवळी. अगदी सावकाश, एखाद्याला नीट दिसावं म्हणून वात वर करावी तशी.

पलंग होता.

चादर होती. मूळ रंग कळणार नाही अशी, मधोमध खोलगट, ओली. तिच्यावर म्हातारी कुशीवर, पाठ त्याच्याकडे. पाठ उघडी. आणि पाठीला... जिथे पाठ असायला हवी तिथे... तो सगळा ऐवज, जो त्याने दोन वर्षं एकदाही पाहिला नव्हता. आत पांढरं काहीतरी. त्यावर वळवळतंय. शेजारी ताट, त्यात आंबलेलं, वर साय धरलेलं. ताटाच्या कडेला बोटांच्या रेघा. चाचपून जेवल्याच्या.

उजेड वाढतच होता.

त्याला डोळे मिटता येईनात. मान वळेना.

तिने मान किंचित मागे वळवली. अर्धा चेहरा. पांढरट डोळा, उजेडाच्या दिशेने. त्या डोळ्यात पट्टीची रेघ दिसत होती.

“लागला,” ती म्हणाली. खूश होऊन.

मग म्हणाली, “आता बघ.”

...

किती वेळ गेला हे हेडसरला सांगता आलं नाही. सकाळी वायरमन राहिलेले पैसे घ्यायला आला तेव्हा तो खोलीच्या दारात बसलेला होता, सदऱ्यावर ओकलेलं वाळलेलं, आणि न थांबता बोलत होता. होल्डर, बटण, डॉक्टर, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, तेही ओकारीसारखं, आपोआप. खोली रिकामी. नव्या फरशा चकचकीत. पट्टी फुल्ल जळत होती.

“वायरमध्ये करंट राहिला असेल, सर,” वायरमन म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

“मग तुम्ही आम्हालाही हेच सांगता?” आमच्यातल्या एकाने विचारलं.

“थांब ना बाबा, घोडं दामटू नकोस.”

तर त्या सकाळी त्याने मेन बंद केला, स्टुलावर चढला आणि पट्टी उतरवली. दुधी झाकणावर डाग होता. पाच बोटांचा. पिवळट, चिकट, काठाशी तपकिरी, जसा कुणी तळवा टेकवून उजेड चाचपावा. वायरमनने फडक्याने पुसला. निघाला नाही. थुंकी लावून घासला. तरी नाही. मग त्याने नखाने खरवडून पाहिलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

डाग आतून होता.

चिकटवून बंद केलेल्या झाकणाच्या आतून.

“मग उघडून पाहिलंत?” आम्ही विचारलं.

वायरमन बोटं पँटला पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “कापायला करवत लावली होती. फटीतून वास आला. नेऊन नाल्यात टाकली.”

मुलीने त्या रात्री फोन किती वेळ चालू ठेवला, तिने काय काय पाहिलं, हे तिने कुणालाच सांगितलेलं नाही. बापाने त्यानंतर शंभरदा फोन केला असेल. ती उचलत नाही. सकाळची गाडी तिने पकडली नाही, त्यानंतरचीही कुठली पकडली नाही. नात आता चालायला लागली आहे म्हणतात. हेडसरने तिला पाहिलेलं नाही.