पोटोबाचं माप

कपडेपटाच्या पेटीवर कुणी बसायचं नाही, हा नाटकाचे कपडे सांभाळणाऱ्या श्रुतिकाचा नियम मुलुंडच्या त्या नाट्यगृहातल्या चहावाल्यालाही पाठ होता. आणि आज, ऐन शोकसभेच्या दुपारी, एक अनोळखी माणूस त्याच पेटीवर खुशाल बसून रडत होता.

वर रंगमंचावर विनोदी नट श्यामकांतकाकांच्या हार घातलेल्या फोटोपुढे भाषणं चालली होती. "त्यांनी आपल्याला पोट धरून हसवलं," असं आत्तापर्यंत चौघांनी म्हटलं होतं. पाचव्याने माईक हातात घेतला तशी श्रुतिका मागच्या दाराने निसटली. तिला एकटीला रडायचं होतं, आणि जागा आधीच कुणीतरी पटकावली होती!

"अहो, उठा. आत कपडे आहेत."

तो दचकून उभा राहिला. "सॉरी... वरच्या खुर्च्या फार टोचत होत्या."

"आणि ही पेटी मऊ आहे?"

"नाही. पण इथे भाषणं ऐकू येत नाहीत."

एरवी ती हसली असती. "तुम्ही कोण?"

"शौनक. बोरिवलीहून आलोय. काकांनी मला अभिनय शिकवला... म्हणजे बराच प्रयत्न केला." तो अडखळला. "आणि आता त्यांचं काम मी करायचंय. दत्तारामदादा म्हणाले, कपडे घालून बघ."

श्रुतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यवस्थापक झाला म्हणून काय झालं, माणूस जाऊन पंधरा दिवस नाही झाले! ती काहीतरी लागट बोलणारच होती, तेवढ्यात तिला त्याच्या हातातला रुमाल दिसला. पिळला असता तर पाणी निघालं असतं. तिने आपला कोरडा रुमाल पुढे केला. त्याने तो घेतला... आणि क्षणभर दोघांनाही कुठे बघावं ते कळेना.

नाटकात काकांचं काम एका ढेरपोट्या मामाचं होतं. काका मूळचे शिडशिडीत, म्हणून कापूस भरलेलं एक कापडी पोट नाड्यांनी बांधून त्यावर कोट चढवायचा. सगळी मंडळी त्याला लाडाने 'पोटोबा' म्हणत. विंगेतून आधी पोटोबा बाहेर यायचा आणि मग काका. त्यांनी तोंड उघडायच्या आत हशा पिकायचा.

पोटाच्या दुखण्याने काका गेले. आठ महिने त्यांना माहीत होतं. घरी बायको नाही, मूल नाही, आणि नाटकातल्या कुणाला त्यांनी कळू दिलं नाही. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. "कळलंच नाही हो," असं जो तो म्हणत होता. श्रुतिकाही म्हणत होती.

शौनकच्या मापाचा करायला म्हणून तिने पोटोबा नाहूरला घरी नेला आणि शिवण उसवली. आत तिने भरलेला कापूस होता. त्याच्याखाली मात्र तिने कधीच न भरलेलं काहीतरी होतं. जुने बनियन. एक लुंगी, चार घड्या घातलेली. एका उशीच्या अभ्र्याचा तुकडा. सगळं वेड्यावाकड्या धावदोऱ्याने आतून टाचलेलं. काका वाळत गेले, आणि जेवढे वाळले तेवढं पोटोबात भरत गेले. स्वतःच्या हाताने, घरी बसून.

श्रुतिकाने ते बनियन छातीशी धरले आणि ती हुंदके देऊन रडली. शेजारच्या खोलीतून आई धावत आली, पण तिलाही काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी तालमीत तिने ते शौनकला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित त्या ओल्या रुमालामुळे असेल.

"दर दोन महिन्यांनी मी माप घ्यायचे रे. कोटावरून. शेहेचाळीस. दरवेळी शेहेचाळीस! मला वाटायचं, काका ठणठणीत आहेत." तिचा आवाज चिरकला. "मी माप घेत होते ते पोटोबाचं. आतल्या माणसाचं घेतलंच नाही कधी."

शौनक एवढंच म्हणाला, "ते मात्र सगळ्यांना विचारायचे ना... जेवलास का?"

"रोज. लाइटवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना."

त्यांना कुणी उलट विचारलं होतं का, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

प्रयोग पुन्हा सुरू झाले. श्रुतिकाने नवा नियम केला. पोटोबा बांधायच्या आधी, नुसत्या शर्टावरून शौनकच्या कमरेला टेप लावायची.

"रोज माप? मी माणूस आहे की भोपळा?"

"हात वर कर. चौतीस."

"चौतीसच? एवढं जवळ येऊन नीट दिसत नसेल. परत मोज."

"गप रे!" असं म्हणताना तिचे कान तापायचे. मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास, भिंतीवरच्या बल्बांची धग, टेपच्या दोन टोकांमध्ये उभा असलेला तो... आणि मोजून झाल्यावरही अर्धा क्षण जास्त रेंगाळणारी तिची बोटं. तो तिला आवडायला लागला होता. हे कबूल करायला ती तयार नव्हती एवढंच. प्रेक्षकही त्याच्यावर खूश होते. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला पुन्हा हाउसफुल्लचा बोर्ड लागत होता.

महिन्याभराने टेप तेहेतीसवर आली.

"डाएट करतोय," तो म्हणाला. "कपडेपटवाल्या बाईंवर छाप पाडायचीय."

ती हसली. हसून झाल्यावर तिला स्वतःचा राग आला. याच हसण्याआड एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत संपला होता. काही दिवसांनी बत्तीस. मग साडेएकतीस. डोळ्यांखाली काळं, तेही रंगभूषेच्या आधीचं. विचारलं की एक विनोद. पुन्हा विचारलं की त्याहून चांगला विनोद! विचारायचा आपल्याला काय हक्क, असंही तिला वाटे. आपण त्याच्या कोण?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, पहिली घंटा व्हायला अर्धा तास असताना, तो पोटोबा हातात घेऊन आला.

"श्रुतिका, जरा कापूस दे ना. सैल होतोय. सुईदोरा दे, मीच भरतो, तू कशाला..."

तिच्या हातातली इस्त्री थांबली.

"नाही देणार."

"अगं, मामाचं पोट पडेल स्टेजवर! वाट लागेल."

"पडू दे. हसतील लोक, त्यांना काय! मी कापूस भरणार नाही. एकदा भरला." तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि दार लोटलं. "शौनक, जेवलास का? आणि खरं सांग. विनोद केलास तर मी आत्ता रडेन, आणि मग तुझा कोट तसाच चुरगळलेला राहील."

त्याच्या ओठांवर नेहमीचं हसू आलं... टिकलं नाही. तो खुर्चीवर बसला.

"काल सकाळी अर्धी पोळी. उतरतच नाही गं घशाखाली. झोप नाही. लोक हसतात ना, तेव्हा वाटतं, ते काकांना हसतायत आणि मी मध्ये उभा राहून चोरी करतोय." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "शेवटच्या आठवड्यात त्यांचे दोन फोन आले होते मला. असेच, इकडचं तिकडचं. मी शूटिंगला होतो. म्हटलं, काका, नंतर करतो. नाही केला. त्यांना काही सांगायचं असेल... तर?"

श्रुतिका त्याच्यासमोर खाली बसली. "असेलही," ती म्हणाली. खोटं बोलवेना. "माझ्यासमोर ते रोज दोन तास बसायचे, मला नाही कळलं. आपलं दोघांचं चुकलं म्हण हवं तर. पण तुला मी असं जाऊ देणार नाही, शौनक. मला नाही परवडणार ते."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हातावर हात ठेवला. बोटं गार पडली होती.

"एकट्याने डॉक्टरकडे जायला भीती वाटते," तो अगदी हळू म्हणाला.

"मग मी येते."

त्या दुपारी चहावाल्याकडून आणलेली इडली त्याने तिच्यासमोर दीड खाल्ली. तिने मोजलं.

मंगळवारी सकाळी अकराला दोघं मुलुंडमध्येच मनाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचले. बाकावर आणखी पाच माणसं होती. काउंटरवरच्या बाई कागदावर नाव, वय, पत्ता उतरवून घेत होत्या.

"सोबत आलेल्या या तुमच्या कोण?"

श्रुतिका खिडकीबाहेर बघायला लागली. आता काहीतरी फक्कड उत्तर येणार. बाई हसणार, बाकावरची माणसं हसणार, आणि हा पुन्हा त्या हशाच्या मागे जाऊन बसणार.

पण शौनक म्हणाला, "यांना सगळं माहीत आहे. मला काय होतं ते, आणि मी ते कसं लपवतो तेही. एक गोष्ट सोडून."

"कुठली?" श्रुतिकाने गर्रकन वळून विचारलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. दोन महिने झाले. तुला नको असेल तर राहू दे... पण मला आता काही आत भरून ठेवायचं नाहीये."

बाकावरच्या एका आजींनी पदर तोंडाला लावला.

"अहो, पण मी लिहू काय?" बाईंनी पेन हलवलं.

श्रुतिका पुढे झाली. त्याचा हात तिने घट्ट धरला, सगळ्यांसमोर.

"घरची," ती म्हणाली. "घरची लिहा."

शौनकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. समोर पाच अनोळखी माणसं बघत होती, तरी त्याने तोंड फिरवलं नाही.