नऊ नंबरचा हौद

ती गेली होती बाटलीभर पाणी आणायला. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवरचा तो शेवटचा नमुना. मग अहवालावर सही, आणि वर्षभरात तिथे शाळा. ऑफिसात सगळे तिला मातीबाई म्हणत. कुठलीही माती चिमटीत धरून तिची कुंडली सांगणारी ही बाई, पण या जागेने तिची मती गुंग केली होती.

जमिनीखाली बारा जुन्या हौदांचं विष मुरलेलं होतं. जमिनीचा उतार खालच्या वस्तीकडे. तीस वर्षांत ते केव्हाच वस्तीच्या विहिरींत उतरायला हवं होतं, पण बोटभरसुद्धा सरकलं नव्हतं. नकाशावर बारा गोल ठिपके, आणि त्यांना खेटून धुतल्यासारखी स्वच्छ माती. तिने यंत्रं बदलून चारदा तपासलं. उत्तर तेच.

"सरकत नाही ना? मग खणत कशाला बसायचं?" नगररचनेचे साहेब सकाळीच म्हणाले होते. "वरून चांगल्या मातीचा थर टाकू आणि शाळा उभी करू. तुमचीच पोर शिकेल तिथे." आणि खांद्यावर थाप. शिपाई असो की महापौर, खांदा थोपटल्याशिवाय साहेबांचं बोलणं संपतच नसे. तिला ते मुळीच आवडत नसे, पण सांगणार कोण?

ती पोचली तेव्हा चार वाजत आले होते आणि धुकं उतरू लागलं होतं. गेटवर म्हातारा चौकीदार. पूर्वी इथेच कामाला होता. हात कायम पाठीमागे बांधून चालायचा.

प्रत्येक हौदाच्या जागी एक लाल झेंडी होती आणि पाणी काढायची नळी पुरलेली होती. नऊ नंबरच्या झेंडीपाशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. खोदकामवाला राहिला वाटतं, तिने मनात म्हटलं.

"अहो, झालं काम. जा आता घरी."

त्याला ऐकू गेलं नसावं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कापड ओलं आणि गार होतं. त्याने श्वास सोडला... इतका लांब, की तो संपायची वाट बघत ती तशीच उभी राहिली. मग मागे न बघता तो चालू लागला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

आंबट, गंजका वास आला. तिने नळीतून पाणी काढलं. निळंशार. या नळीतून आजवर कधीच निळं पाणी आलं नव्हतं.

"ताई..." चौकीदार दहा पावलांवर थबकला होता. "त्याला हात लावलात?"

"खोदकामवाला होता ना तो?"

"ते तीनलाच गेले." त्याचा आवाज खाली आला. "इथला नियम होता, ताई. बदलीचा माणूस येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत हौद सोडायचा नाही. उतू गेला तर खालची वस्ती बुडाली. कारखान्याला टाळं लागलं ते कामाची पाळी चालू असतानाच. बारा जणांना हाताला धरून बाहेर काढलं. ते घरी गेले, म्हातारे झाले, वारले. पण बदली... कुणाचीच आली नाही."

तिने वर पाहिलं. धुक्यात उरलेल्या अकरा झेंड्यांपाशी एकेक माणूस वाकून उभा होता, हौदाचा काठ धरल्यासारखा. तीस वर्षं. कोणाचा पगार नाही, कोणाची शाबासकी नाही, आणि खाली वस्तीतली पोरं विहिरीचं पाणी पीत होती. तिला भीती वाटलीच नाही. तिने नकळत हात जोडले.

"चारवर माझा भाऊ आहे," चौकीदार म्हणाला. "त्याला सोडवायचा मला धीर होत नाही. घरी असून तो कधी घरात नसायचा. जेवताना घास हातात, नजर इकडे. बायको बोलायची, पोरं बोलायची... त्याचं आपलं हं, हं."

तिने बाटली उचलली. पाणी पुन्हा नितळ झालं होतं. म्हणजे नऊवर माणूस आलं होतं. आलं ते कोण, हे कळायला तिला वेळ लागला नाही. तिला एकदम घर आठवलं. दिवसभराचं सगळं एका दमात सांगणारी पोर, आणि समोर बसलेली ती, हं, हं म्हणणारी.

गेटवर गाडी थांबली.

"काय बाई, झाली का सही?" साहेब लांबूनच हात उचलून येत होते.

"ताई, सांगा त्यांना..." चौकीदार पुटपुटला.

एक शब्द पुरला असता. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. खांद्यावर थाप पडली. तिच्या छातीतून लांब श्वास सुटला.

सही तिने केलीच नाही. बाराही हौद मुळापासून खणायचा हुकूम दुसऱ्याच दिवशी साहेबांनी स्वतः काढला. खणायला अजून दोन वर्षं लागतील. साहेब ऑफिसात वेळेवर येतात, फायली बघतात, काही विचारलं की हं, हं म्हणतात. फक्त चार वाजले की दाराकडे पाहून शिपायाला विचारतात, "कोणी आलं का रे?"

ती समोरून जाते तेव्हा हात पाठीमागे बांधून जाते.