द्राक्षांच्या रांगांपलीकडे

चष्मेवाल्याला त्या दिवशी सायकल चालवायची मुळीच हौस नव्हती. आठवडाभर दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी मस्त लोळायचं, हा त्याचा शिरस्ता. पण ताईचा शब्द मोडवेना. भाऊजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी आता बेताबेतानं सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं होतं, आणि ताई त्यांना एकटं सोडायला तयार नव्हती.

"तू नुसता सोबत राहा," ती म्हणाली. "बाकी काही नको मला."

भाऊजी निवृत्त बसचालक. पिवळंधमक जाकीट घालून दारात तयारच होते. "आयुष्यभर बस भरभरून माणसं नेली," ते म्हणाले, "आता एकटा निघालो, तर बायकोनं कंडक्टर जोडून दिलाय!"

वाट खरोखर सुंदर होती. जाताना नदीच्या अलीकडच्या काठानं, झाडांच्या सावलीतून. मग वरच्या पुलावरून पलीकडे, तिथल्या वाइनरीत जरा टेकायचं आणि द्राक्षमळ्यांमधल्या रस्त्यानं परत. पण भाऊजी जागोजागी थांबत होते. इथं पाणी प्यायला, तिथं बगळा बघायला, तर कधी उगाच. वाइनरीत पोहोचेपर्यंत चष्मेवाल्याचा जीव मेटाकुटीला आला होता. तिथं त्यानं वाइनचे दोन पेले घेतले. भाऊजी साधं पाणी पीत बसून राहिले. त्यांच्या ओठांभोवती पांढुरकी छटा आली होती. त्याला ती दिसली होती, हे विशेष.

"अजून जरा बसू दे रे," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही बसा निवांत. मी पुढे होतो. रस्ता सरळच आहे."

भाऊजी नुसते हसले.

तो निघाला आणि पायांना पंख फुटल्यासारखं झालं. पहिल्याच वळणावर ताईचा फोन आला.

"कसे आहेत रे?"

"मजेत. हे काय, माझ्या शेजारीच आहेत."

खोटं किती सहज निघालं! फोन खिशात टाकला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

एव्हाना नदीवरून धुकं वर चढत होतं. द्राक्षांची तोडणी होऊन गेली होती. वेलींवर गंजक्या रंगाची पानं तेवढी उरली होती आणि आंबलेल्या चोथ्याचा गोडसर, कुबट वास हवेत साचला होता. डाव्या हाताला वेलींच्या रांगा उतारानं खाली नदीकडे गेल्या होत्या. दोन रांगांमधून सरळ खालपर्यंत नजर जायची, मग रांग आडवी यायची, मग पुन्हा फट.

अशाच एका फटीतून त्याला खालच्या टोकाला एक सायकलस्वार दिसला. पिवळं जाकीट.

पुढच्या फटीत पुन्हा तोच. त्याच्या पुढच्या फटीतही. त्याच्या बरोबरीनं, त्याच वेगानं. त्यानं हात वर केला. चष्मेवाल्यानंही केला.

'आले की!' त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. 'खालून नदीलगत जवळची वाट असणार. उगाच जिवाला घोर लावून घेतला.'

तो मागे वळला नाही. वळायचं कारणच उरलं नव्हतं. त्यानं वेग वाढवला, पिवळं जाकीटही वेगानं निघालं. आपल्याला धाप लागलीय, हे ध्यानात आल्यावर मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला धाप लागते, तर भाऊजी...?

तो थांबला. खाली तोही थांबला.

"भाऊजी...?"

धुक्यात आवाज जिरून गेला. थोडं पुढे गेल्यावर वेली संपल्या. उतार उघडा पडला आणि चष्मेवाल्याला खालची बाजू स्वच्छ दिसली. नदीलगत वाट नव्हती. बांधही नव्हता. रांगा जिथं संपत होत्या, तिथून थेट पाणी सुरू होत होतं. काळं, रुंद, संथ.

तो कसा उलटा फिरला, त्याचं त्यालाच ठाऊक. वाइनरीच्या जरा अलीकडे, एका रांगेच्या तळाशी भाऊजींची सायकल आडवी पडली होती. आणि भाऊजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते, त्याच्याकडे पाठ करून.

"भाऊजी!"

ते वळले नाहीत. समोर बघून म्हणाले, "येतोय ना... जरा हळू घे..." आणि आणखी एक पाऊल आत टाकलं.

त्यानं पाण्यात उडी घेतली. त्यांना काखेत धरून मागे खेचलं. त्यांचं अंग हलकं नव्हतं, पण तेवढं जडही नसायला हवं होतं. जणू पलीकडूनही कोणी धरलं होतं.

काठावर भाऊजी थरथरत होते. त्याच्याकडे बघताना त्यांच्या नजरेत गोंधळ होता.

"तू इकडे कसा? तू तर पुढे होतास. मी रस्त्यानं येत होतो, तर तूच खालून हाका मारल्यास. किती वेळ गप्पा मारल्यास... ताईचा फोनसुद्धा माझ्यासमोर घेतलास. शेजारीच आहेत म्हणालास."

'मी नव्हतो तो. मी तुम्हाला टाकून गेलो होतो.' शब्द ओठांपर्यंत आले. पण तो भाऊजींचं ओलं जाकीट उतरवू लागला.

घरी ताईनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "तू होतास म्हणून," ती म्हणाली आणि रडू लागली. भाऊजी तोल जाऊन पाण्यात पडले आणि मेव्हण्यानं वाचवलं, असंच सगळीकडे झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला भाऊजी कौतुकानं तेच सांगत. चष्मेवाला मान खाली घालून ऐके. लोकांना तो विनय वाटे.

हिवाळा सरला. भाऊजी हिंडूफिरू लागले. एका दुपारी ताई आत होती, आणि भाऊजींनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. चेहरा अगदी खुशीत.

"सायकलींत हवा भरून ठेवलीय," ते हळूच म्हणाले. "आता सांग, कधी निघायचं?"

"कुठे...?"

"असं काय करतोस? त्या दिवशी अर्ध्यावर राहिलं ना! पुढच्या खेपेला दोघं मिळून पार पलीकडे जाऊ, म्हणालास." भाऊजींनी त्याचा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा गार होता. "काल रात्री पुन्हा येऊन सांगून गेलास की."