भरलेला फळा

अण्णांच्या मरणात कुणाचा काय फायदा होता, हे मोजायला फार डोकं लागत नव्हतं. भाच्याला कड्यावरचं दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. लॉजवाल्याला तिसऱ्या धबधब्यासमोर लोखंडी सज्जा बांधायचा होता, आणि त्याला दर वेळी आडवा येणारा एकुलता एक म्हातारा आता आडवा येणार नव्हता. राखीव जंगलाच्या फाटकावर बसणाऱ्या वहिनींना काहीच मिळणार नव्हतं. उलट, रोज सकाळी न चुकता हाक मारणारं एक माणूस कमी झालं होतं.

म्हणून सगळ्यांनी भाच्याकडे बघायला सुरुवात केली. त्यात भाच्याची आईही होती.

ती, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बाईंसमोर येऊन बसली. बाई खाजगी तपासाचं काम करत. कोपऱ्यात मास्तर पेन्सिलीला टोक काढत होते. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. जे दिसेल ते हुबेहूब काढायचं आणि त्यातलं काहीही लक्षात घ्यायचं नाही, ही त्यांची खासियत. बाईंना असाच सोबती हवा होता.

"माझा मुलगा माझ्याच घरात जेवतो," बहीण म्हणाली. "मी त्याला वाढते आणि त्याच्या हातांकडे बघत बसते. मला एवढंच सांगा, त्याने केलंय की नाही. पुढचं माझं मी बघेन."

हकिकत अशी होती. जंगलातली दरी अरुंद, धबधबे तीन. आत जाणाऱ्याला फाटकावर नंबर घातलेला पितळी बिल्ला मिळे, दोरीत ओवलेला. तो गळ्यात घालून जायचं आणि बाहेर पडताना फळ्यावर आपापल्या खिळ्याला अडकवायचं. संध्याकाळी एक जरी खिळा रिकामा दिसला तरी शोध सुरू. तो माणूस सापडेपर्यंत वहिनींना घरी जाता येत नसे.

त्या संध्याकाळी फळा भरलेला होता. अण्णांचा बिल्लाही जागेवर होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तिसऱ्या धबधब्याजवळ थंडीने गारठून मेलेले सापडले. एक पाय मोडलेला.

पोलिसांच्या मते, ते एकदा बाहेर आले आणि नंतर कड्यावरून चोरून पुन्हा आत उतरले. गावाच्या मते, ते बाहेर आलेच नव्हते. कुणीतरी त्यांचा बिल्ला आणून टांगला, म्हणजे कुणी शोधायला जाऊ नये. आणि त्या दुपारी भाचा आत होता. अण्णांशी मोठमोठ्याने भांडत होता. "असेच एकटे मराल एक दिवस," हे त्याचे शब्द चार माणसांनी ऐकले होते.

"ओळख पटवायला तुम्ही गेला होतात?" बाईंनी विचारलं.

बहीण गेली होती. अण्णा वाटेच्या कडेला दगडाला टेकून बसलेले होते. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मोडलेल्या पायाचा बूट काढून शेजारी नीट ठेवलेला. डोक्यावरच्या फांदीला त्यांचा पांढरा रुमाल बांधलेला. गळ्यात काही नव्हतं.

"रुमाल," बाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी रुमाल काढला.

भाचा दरीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करायचा. हात तेलकट, डोळे सुजलेले. तो म्हणाला, हो, भांडलो. मामा त्या कड्यावर एकटा राहायचा, आजारी पडला तर कळायचंसुद्धा नाही. आमच्याकडे राहायला ये म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो. तो ऐकेना, म्हणून तोंडातून ते निघून गेलं.

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. बिल्ल्याची दोरी चावत बसला. राग आला की हेच. दोरीचा पार चोथा केला होता त्याने, काळीकुट्ट. आजी त्याला लहानपणी सदऱ्याची कॉलर चावतो म्हणून मारायची म्हणे." तो थोडा वेळ चाकाच्या तारा चाचपत राहिला. "मी तसाच निघून आलो. वहिनींसमोर माझा बिल्ला लावला. विचारा त्यांना."

लॉजवाला गच्चीत ऊन खात बसला होता आणि त्याला बोलायला माणूस हवंच होतं. अण्णांनी आपलं नुकसान केलं हे त्याने लपवलं नाही. पण म्हातारा गेला म्हणून आपल्याला करमत नाही, असंही म्हणाला, आणि ते बहुधा खरं असावं. भांडायला दुसरं कोण होतं त्याला?

"सगळ्यांना छळायचा," तो म्हणाला. "मधूनच लहर आली की फाटकाकडे यायचाच नाही. वरच्या वाटेने परस्पर घरी, बिल्ला गळ्यात घालून. फोन तिकडे लागत नाही. वहिनी बिचाऱ्या कंदील घेऊन आतबाहेर करायच्या. आणि सकाळी हा फाटक उघडायच्या आधी हजर, दात काढत."

"त्या सकाळी तुम्ही काय पाहिलंत?"

"विशेष काही नाही. उजाडता उजाडता वहिनी आत जाताना दिसल्या. बगलेत थर्मास, हातात शाल. मी म्हटलं, आज कुणाला चहा पाजायला निघाल्या?" तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

फाटकाजवळची खोली लहानशी होती. टेबल, खुर्ची, स्टूल आणि भिंतभर फळा. वहिनी पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी स्टूल पुसून दिलं. भाच्याने बिल्ला परत केला होता, त्यांना आठवत होतं. अण्णांचा बिल्ला कोणी लावला, हे मात्र बघितलं नव्हतं. गर्दीच्या वेळी माणसं लावतात आणि जातात.

"आणि अण्णा सापडले कुणाला?"

"मलाच. सकाळी आले ती आधी आत गेले. पहिला धबधबा, दुसरा, तिसरा. तिथं अण्णा बसले होते."

बोलणं चालू असतानाच एक तरुण जोडपं ओशाळून दारात उभं राहिलं. मुलीचा बिल्ला डोहात पडला होता. वहिनींनी तिला मनसोक्त झापलं, मग खण उघडून त्याच नंबरचा दुसरा बिल्ला काढला आणि खिळ्याला अडकवला. फळा भरला. वहिनी खुर्चीत रेलल्या.

मास्तर फळ्याचं चित्र काढत होते. दोऱ्या बहुतेक हिरवट, काळपट. दुसऱ्या धबधब्याच्या मागून वाट जाते, तिथं सगळेच भिजतात. अण्णांच्या बिल्ल्याची दोरी मात्र पांढरी.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "अण्णा टापटिपीचा माणूस होता हो. दोरीसुद्धा कशी धुतल्यासारखी."

बाई चालता चालता थांबल्या. "मास्तर, तुम्हाला मी पगार द्यायला हवा."

"देता कुठे?"

"म्हणूनच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना बाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. बहीण आणि भाचा एकमेकांपासून दूर उभे राहिले. लॉजवाला दाराला टेकला. धबधब्याचा आवाज भिंतीतून येत होता.

"पोलीस म्हणतात, अण्णा बाहेर येऊन पुन्हा गेले," बाईंनी सुरुवात केली. "तसं असतं तर आपण आत आहोत हे कुणालाच माहीत नाही, याची त्यांना कल्पना असती. मग ते ओरडत, सरपटत खाली आले असते. त्यांनी काय केलं? बूट काढला, कोट बंद केला, वाटेवरून दिसेल असा रुमाल बांधला आणि बसून राहिले. कोणीतरी येणार याची या माणसाला खात्री होती. कारण बिल्ला त्यांच्या गळ्यात होता. म्हणजे खिळा रिकामा होता. म्हणजे शोध होणारच."

"मग बिल्ला काढून आणला कुणी?" लॉजवाल्याची नजर नकळत भाच्याकडे गेली.

"त्या दिवशी? कुणीच नाही. अण्णा दोरी चावून काळी करत. फळ्यावरची दोरी पांढरी आहे. ती कधी भिजलीच नाही, कुणाच्या दाताखाली आलीच नाही. हा अण्णांचा बिल्ला नव्हे, त्याचा जोड आहे. जोड राहतात त्या खणात. आणि खण कोण उघडतं?"

वहिनी हलल्या नाहीत.

"तरी मी दोरीवर विसंबले नसते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हळू झाला होता. "वहिनी, त्या संध्याकाळी फळा भरलेला होता. सगळे बाहेर आलेले. मग सकाळी उजाडताच थर्मास आणि शाल घेऊन तुम्ही कुणाला शोधायला गेलात?"

वहिनींनी स्वेटरच्या गळ्यात हात घातला आणि एक बिल्ला बाहेर काढला. दोरी काळी, चोथा झालेली.

त्या जे बोलल्या ते तुटक होतं. मुलगी परदेशी असते. वाढदिवसाला तेवढा फोन करते, आणि दरीत फोन लागत नाही. त्या दिवशी वहिनींचा वाढदिवस होता. अण्णा यापूर्वी कितीदा तरी वरून परस्पर गेले होते. दोनदा तर वहिनींनी असाच जोड लावला होता. सकाळी अण्णांनी खरा बिल्ला आणून दिला आणि दोघंही हसले होते. याही वेळी तसंच होईल असं वाटलं, म्हणून जोड लावला आणि घर गाठलं.

"सकाळी फाटकाशी ते उभे नव्हते," वहिनी म्हणाल्या. "तेव्हाच कळलं मला. वाटभर शाल छातीशी धरून गेले. त्यांच्या गळ्यातून हा काढला, कारण दोन बिल्ले दिसले असते. नंतर फेकवेना."

"आणि माझ्या पोराकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा?" बहिणीने विचारलं.

वहिनींनी बिल्ला टेबलावर ठेवला. पोलिसांकडे आपणच जाऊ, एवढंच म्हणाल्या, आणि सवयीने फळ्याकडे बघितलं.

बहीण मुलाकडे वळली. तिचा हात त्याच्या बाहीपर्यंत गेला. त्याने हात झटकला नाही, धरलाही नाही.

"आई, हे मला विचारायला तुला बाहेरची माणसं आणावी लागली?"

तो बाहेर पडला. ती त्याच्या मागे निघाली, पण चार पावलं अंतर ठेवून.

परतीच्या रस्त्यावर मास्तर म्हणाले, "एकंदरीत कुणाला काय मिळालं हो?"

"लॉजवाल्याला सज्जा मिळेल. तिथं बसून भांडायला कुणी नसेल. भाच्याला घर मिळेल, तो त्यात पाऊल टाकायचा नाही. बहिणीला उत्तर मिळालं."

"आणि वहिनींना?"

"एक संध्याकाळ. फोनशेजारी."

"आला का फोन?"

"मी निघताना विचारलं. नाही आला."

रस्ता वळला आणि पाण्याचा आवाज मागे पडला. मास्तरांनी वही उघडून बघितली. फांदीवरचा रुमाल त्यांनी चांगला काढला होता. वाटेवरून येणाऱ्याला लांबूनच दिसला असता.

"अण्णांनी आपल्या लहरींचं देणं एका रात्रीत चुकतं केलं," बाई म्हणाल्या. "बाकीचे आता आपापलं हप्त्याहप्त्याने भरतील."