मोकळा खण

औषधांवर संशोधन करणाऱ्या लोकांना उद्या आपल्याला काय लागणार, हे आज कधीच ठाऊक नसतं. आज ज्या खोलीत रसायनं उकळतात, तिथेच वर्षभरात पेशी वाढवायच्या असतात. म्हणून त्यांच्यासाठी मी ज्या प्रयोगशाळा आखते, त्या हलत्या असतात. टेबलांना चाकं, पाणी-वीज-गॅस सगळं छतातून खाली येणारं, आणि आतल्या भिंती रुळावर. किल्लीने कुलूप काढायचं, दोघांनी ढकलायचं, की एका दुपारीत खोली बदलते. प्रत्येक मजल्यावर मी एक खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, मोकळा ठेवते. तो कुणाच्याच नावावर नसतो. पुढे ज्याला गरज पडेल, त्याचा तो.

हे सगळं डोकं माझं. नाव मात्र धाकटीचं झालं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. माझ्याच ऑफिसात आली, माझ्याच हाताखाली शिकली. खणाचं माप विचारलं तर आजही अंदाजपंचे सांगते. पण तोंडात साखर. कुठल्या शास्त्रज्ञाची पाठ दुखते, कुणाला खिडकीजवळ बसायला आवडतं, हे सगळं तिला पाठ. मी शिडीवर चढून भिंतींचे सांधे तपासत असायची आणि खाली ही चहाचा कप घेऊन हसत उभी. घरीही तीच तऱ्हा. आई मला विचारते, "जेवलीस का?" आणि तिला विचारते, "आज काय काय झालं, सांग ना."

इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेलं. पण आम्ही आखलेली एका औषध कंपनीची इमारत सुरू झाल्यावर तिथल्या संशोधन प्रमुख असलेल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"आता दुसरी इमारत काढतोय आम्ही. पुढच्या बैठकीत काम कुणाला द्यायचं ते ठरेल. आमच्या लोकांचं म्हणणं आहे, या वेळी तुमच्या बहिणीने सगळं बघावं. तुम्ही आहातच की पाठीशी."

"आहेच," मी म्हणाले.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. ती दुसरी इमारत मला हवी होती. माझ्या एकटीच्या नावावर हवी होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा मोकळा खण वीतभर जास्त रुंद झाला होता.

मी पुन्हा मोजला. मग शेजारच्या दोन्ही प्रयोगशाळा मोजल्या. त्या तसूभरही कमी झाल्या नव्हत्या. बाहेरची भिंत तर काँक्रीटची, ती कुठे जाणार? मग ही वीत आली कुठून?

देखभाल बघणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. कमी बोलणारा, सरळ माणूस.

"भिंत कुणी हलवली?"

"कुणीच नाही, मॅडम. किल्ल्या दोनच आहेत. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

"मग?"

ते खणाकडे न बघता म्हणाले, "सफाईच्या बायका हल्ली आत जायला कां कूं करतात. आत कुणीतरी यायचंय असं वाटतं, म्हणतात."

मग कंपनीच्या पत्रिकेत धाकटीचा फोटो छापून आला, चांगलं अर्धं पान. आईने तो शेजारीपाजारी फिरवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी खण हातभर वाढला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मनात दुसराच संशय होता. मला खोटं पाडायला हे धाकटीच करत असणार.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला धरलं.

"तिसऱ्या मजल्यावर तू काही हलवलंस?"

"मी? ताई, मला ते कुलूपसुद्धा उघडत नाही. तूच तर हसतेस मला." ती भांडी पुसता पुसता थांबली. "दुसरी इमारत आपण दोघी मिळून करू या ना गं. एकटीला मला जमायचं नाही."

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. निदान मोकळेपणाने राग तरी धरता आला असता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, मी एकटीच टेप घेऊन इमारतीत गेले. कॉरिडॉरमध्ये जंतुनाशकाचा वास होता. बंद दारांमागे फ्रीज घुमत होते. तिसऱ्या मजल्यावर मोकळा खण उरलाच नव्हता. तिथे एक अख्खी खोली होती, दार उघडं.

मध्ये एक टेबल होतं. छतातले नळ आणि वायरी त्याच्यावर उतरवून ठेवलेल्या. यातलं काही कुणी मागवल्याचं मला माहीत नव्हतं. मनात आलं, ही धाकटीसाठी. सगळ्या गोष्टी तिच्यासाठीच तर तयार होतात.

मी टेबलाशी उभी राहिले. कोपरं बरोबर टेकली.

धाकटी माझ्याहून वीतभर उंच आहे. तिला इथे वाकावं लागलं असतं. आणि नळ डाव्या हाताला होता. आमच्या घरात डावरी मी एकटीच.

मला बरं वाटलं. खरंच सांगते, भीती नंतरची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाच्या खोल्या आखल्या, माझं माप कुणी घेतलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.

वळून पाहिलं, तर दार नव्हतं.

चारी बाजूंना भिंत. सांधे इतके सुबक, की नख शिरणार नाही. खिशात किल्ली होती. पण कुलपं सगळी बाहेरच्या बाजूला. तशी मीच लावायला सांगितली होती. आतून कुणाला किल्ली लागेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी धाकटीला फोन लावला.

"हॅलो?"

"मी बोलतेय. इमारतीत अडकलेय. देखभालवाल्यांना पाठव."

"कोण बोलतंय?"

"अगं, ताई!"

ती हसली. "ताई तर माझ्यासमोर बसलीये."

मागे आई कशाला तरी हसत होती. मग एक आवाज आला. माझा.

"कुणाचा फोन गं?"

"काही नाही. राँग नंबर."

"बरं. मग दुसऱ्या इमारतीचं तू पुढे हो. मी आहे पाठीशी."

मनापासून बोलत होता तो माझा आवाज. फोन बंद होता होता आईचा आवाज आला. ती धाकटीशी बोलत नव्हती.

"आणि तुझं काय काय झालं आज? सांग ना."

मी ओरडायला हवं होतं. भिंतीवर हात आपटायला हवे होते. पण मी फोन कानाशी धरून तशीच बसून राहिले. मला तिथे बसलेल्या त्या ताईचा हेवा वाटत होता.

माझ्या मागे रुळावरून काहीतरी सरकलं, आणि खोली वीतभर मोठी झाली.